दोरी, साप आणि सकारात्मक विचार

रात्री साडेनऊला वरिष्ठांचा मेसेज येतो, ‘उद्या सकाळी जरा भेटा, बोलायचं आहे.’ बस्स, एवढंच. वाचून होतं न होतं तोच छातीत धडधडायला लागतं, हात गार पडतात, घशाला कोरड पडते, पुढ्यातलं जेवण नकोसं होतं. मग डोकं कामाला लागतं. गेल्या आठवड्यातली ती चूक लक्षात आली असेल का? नोकरी जाते की काय? गेली तर घराचे हप्ते कसे भरायचे? रात्री दोनला जाग येते तेव्हा माणूस मनातल्या मनात नोकरी गमावून, घर विकून, मुलांचं शिक्षण अर्धवट टाकून बसलेला असतो. सकाळी कळतं, की पुढच्या महिन्यातल्या सुट्ट्यांचं वेळापत्रक ठरवायचं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते असं.

ही रात्र कुणाला सांगितली तर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘इतका निगेटिव्ह विचार कशाला करायचा? पॉझिटिव्ह राहायचं.’ या उपदेशाचा आता धंदा झाला आहे. त्याच्या कार्यशाळा असतात, व्हिडिओ असतात, ऑफिसच्या भिंतीवर पोस्टरं असतात. माझं म्हणणं असं, की हा उपदेश निरुपयोगी आहे आणि वर अन्यायकारकही आहे. निरुपयोगी अशासाठी, की तो भीतीच्या ज्या यंत्रणेची समजूत घालू पाहतो ती शब्दांनी समजत नाही, तिला अनुभवाचा पुरावा लागतो. अन्यायकारक अशासाठी, की भीती वाटणाऱ्यालाच तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो आणि त्याच्या मनातली धोक्याची घंटा दिवसातून पन्नास वेळा वाजवणाऱ्यांना मोकळं सोडतो.

वेदान्तात दोरीवर सापाचा भास होणं हे अज्ञानाचं नेहमीचं उदाहरण आहे. अंधारात दोरी पडलेली असते, माणूस साप समजून दचकतो, दिवा आणला की भ्रम फिटतो. ज्ञानाच्या हिशोबात ही चूकच. जिवाच्या हिशोबात मात्र आकडे वेगळे पडतात. दोरीला साप समजणाऱ्याचं नुकसान म्हणजे एक उडी आणि दोन मिनिटांची धडधड. सापाला दोरी समजणारा पुढे कुणाचा पूर्वज झालाच नाही. दोन्ही चुकाच, पण एकीची किंमत दुसरीच्या पासंगालाही पुरत नाही. लाखो वर्षं हा असमान दंड भरत आलेल्यांचे आपण वंशज आहोत.

रँडॉल्फ नेसी या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने यालाच धूर ओळखणाऱ्या यंत्राचं तत्त्व म्हटलं. स्वयंपाक जरा करपला तरी ते यंत्र कोकलतं, आणि आपण ते चालवून घेतो, कारण खऱ्या आगीच्या वेळी गप्प बसणारं यंत्र कुणालाच नको असतं. आकडे सोयीसाठी गोल धरू. समजा, पळण्याचा खर्च १०० कॅलरी आणि धोका खरा असताना न पळण्याचं नुकसान १,००,००० कॅलरी. मग धोक्याची शक्यता हजारात एकापेक्षा किंचित जरी जास्त असली, तरी पळणंच स्वस्त पडतं. म्हणजे अगदी नेमकी बसवलेली यंत्रणासुद्धा अशा प्रसंगी हजारातल्या जवळजवळ ९९९ वेळा उगाचच पळवणार. खोटी घंटा हा या यंत्रणेचा बिघाड नव्हे, तिचा ठरलेला हप्ता आहे. ‘गेल्या वेळी काही झालं होतं का? मग आता कशाला घाबरायचं?’ हा युक्तिवाद म्हणूनच तिच्यावर चालत नाही. ९९९ वेळा काही झालं नाही हे तिच्या हिशोबात धरलेलंच आहे.

नकारात्मक विचारांचं मूळही याच असमानतेत आहे. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी पैशांच्या निवडींचा अभ्यास केला. १९९२ च्या त्यांच्या मोजमापात तोट्याचं वजन तेवढ्याच नफ्याच्या साधारण सव्वादोन पट भरलं. दहा जणांनी कामाचं कौतुक केलं आणि एकाने नाक मुरडलं, तर रात्री आठवतं ते मुरडलेलं नाक. त्या माणसाला कौतुकाची कदर नाही असं नव्हे. कौतुक विसरून कुणाचा जीव जात नव्हता, टोळीतल्या एकाची नाराजी दुर्लक्षिली तर जाऊ शकत होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. उत्क्रांतीच्या नावावर कोणतीही गोष्ट रचता येते. पूर्वज अमुक करायचे, म्हणून आपण तमुक करतो, असं म्हणायला पुरावा लागत नाही. म्हणून जिथे प्रयोग झालेले आहेत तेवढंच धरावं. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, साप कधीच न पाहिलेल्या ऱ्हीसस माकडांना सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांनी १९८० च्या दशकात चित्रफिती दाखवल्या. एका फितीत दुसरं माकड सापाला घाबरताना दिसत होतं. दुसऱ्या फितीत तोच घाबरलेला चेहरा, पण समोर फुलं जोडलेली. माकडं सापाला घाबरायला चटकन शिकली, फुलांना शिकली नाहीत. वारशाने आलेली असते ती काही गोष्टींना घाबरायला पटकन शिकण्याची तयारी, आणि ती यादी जुनी आहे. वेगातली गाडी दरवर्षी सापांपेक्षा कितीतरी जास्त माणसांचा घास घेत असेल, तरी तिच्या नुसत्या चित्राने कुणाच्या अंगावर काटा येत नाही.

आता त्या मेसेजकडे परत जाऊ आणि शरीरात काय झालं ते जवळून बघू. डोळ्यांनी वाचलेलं ‘बोलायचं आहे’ मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोल असलेल्या, बदामाएवढ्या अमिग्डालापर्यंत पोचतं. तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला इशारा जातो. मग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, कारण मोठ्या स्नायूंना रक्त हवं असतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून हात गार. पचन तात्पुरतं बंद, म्हणून पोटात गोळा. लाळ आटते, म्हणून घशाला कोरड. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये याचं जे वर्णन केलं ते ‘लढा किंवा पळा’ या नावाने रूढ झालं. यातलं एकही लक्षण आजाराचं नाही, सगळी पळण्याची तयारी आहे. फक्त पळायला जागा नाही, कारण समोर फोन आहे.

या पहिल्या लाटेतलं अ‍ॅड्रिनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. दुसरी लाट संथ असते. हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून पुन्हा अ‍ॅड्रिनलला निरोप जातो, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, साधारण २० ते ४० मिनिटांनी शिखर गाठतं आणि मग उतरायला लागतं. म्हणजे साडेनऊचा मेसेज अकरापर्यंत शरीरातून बराचसा ओसरायला हवा. तो ओसरत नाही, कारण मेसेज आला एकदाच असला तरी रात्रभरात तो मनात चाळीस वेळा वाचला जातो, आणि खरा साप आणि आठवलेला साप यांत फरक करण्याची घंटेला घाई नसते. इतर प्राणीही घाबरतात, पण उद्याच्या भेटीची, पाच वर्षांनंतरच्या हप्त्यांची आणि लोक काय म्हणतील याची भीती बाळगायला भाषा आणि कल्पनाशक्ती लागते. पुढचा विचार करण्याची जी ताकद आपल्याला शेती आणि पूल देते, तीच रात्री दोन वाजता घर विकायला लावते.

जाता जाता एक गैरसमज. ‘आपल्या आत एक सरड्याचा मेंदू असतो आणि तो घाबरतो’ ही गोष्ट प्रेरणादायी भाषणांत हमखास ऐकू येते. पॉल मॅक्लीन यांच्या १९६० च्या दशकातल्या मांडणीतून ती आली. मेंदू असा थरावर थर चढत उत्क्रांत झाला, हे आता मज्जाशास्त्र मानत नाही. अमिग्डाला म्हणजे ‘भीतीचं केंद्र’ हेही फार ढोबळ आहे. उंदरांवरच्या प्रयोगांतून अमिग्डालाचं काम उलगडणारे जोसेफ लडू स्वतःच सांगतात, की धोका टिपणं आणि भीती जाणवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एस. एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीच्या दोन्ही अमिग्डाला एका दुर्मीळ आजाराने नष्ट झाल्या होत्या. साप, कोळी, भयपट, कशाचंच तिला भय वाटत नसे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एक श्वास भरून दिली गेली, आणि तिला आयुष्यातला पहिला पॅनिक अटॅक आला. बाहेरच्या धोक्याची घंटा वेगळी, श्वास कोंडल्याची वेगळी. शरीराने राखण एकाच पहारेकऱ्यावर सोडलेली नाही. त्यामुळे ‘एवढं एक बटण बंद केलं की चिंता संपली’ असं कुणी विकत असेल तर घेऊ नये.

त्या मेसेजचं खरं विष त्याच्या मोघमपणात होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ४५ जणांना संगणकावर दगड दाखवले गेले. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा झटका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ताण सर्वांत जास्त केव्हा होता? झटका बसणार हे नक्की असताना नव्हे, तर शक्यता ५० टक्के असताना. वाईट बातमीपेक्षा अर्धवट बातमी जास्त छळते ती म्हणून. परीक्षेच्या निकालाआधीची रात्र, तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहण्याचे दोन दिवस, ‘वाचलं’ अशी खूण दिसूनही न आलेलं उत्तर, या सगळ्यात माणूस त्या ५० टक्क्यांवर टांगलेला असतो.

अशा टांगलेल्या माणसाला ‘चांगलाच विचार कर’ म्हटल्याने काय होतं? डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितलं. अस्वल येतच राहिलं, आणि बंदी उठल्यावर तर ते सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आलं. कारण साधं आहे. विचार येत नाही ना, हे तपासायला तोच विचार हाताशी धरून ठेवावा लागतो. चिंतेच्या बाबतीत यावर आणखी एक थर चढतो. घाबरलेल्याला आता घाबरल्याचीही लाज वाटते. आपण पॉझिटिव्ह राहू शकत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट, हा नवा नकारात्मक विचार या उपदेशाचीच देणगी.

या धंद्याने विज्ञानाचा टिळाही लावून घेतला होता. २००५ मध्ये एका शोधनिबंधात असं गणित मांडलं गेलं, की एका नकारात्मक भावनेमागे २.९०१३ सकारात्मक भावना असल्या की माणूस बहरतो. दशांशाच्या चार स्थानांपर्यंत! व्यवस्थापनाच्या वर्गांतून हा आकडा वर्षानुवर्षं फिरला. २०१३ मध्ये निकोलस ब्राउन, अ‍ॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी ते गणित तपासलं तेव्हा त्यात काही अर्थच नसल्याचं दिसलं, आणि गणिताचा तो भाग मागे घ्यावा लागला. आशावाद वाईट असं मला म्हणायचं नाही. आशा असली की माणूस दार ठोठावून बघतो, उपचार अर्धवट सोडत नाही. पण आशा पुराव्यातून येते. हुकूम देऊन ती येत नाही.

मग या यंत्रणेला पुरावा द्यायचा कसा? पहिली रीत काळजीच्या वहीची. टॉम बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये जी पद्धत तपासली तिचा गाभा असा: काळजीला बंदी नाही, पण वेळ आणि जागा ठरलेली, रोज अर्धा तास. इतर वेळी काळजी आली की दोन शब्दांत टिपायची आणि ‘संध्याकाळी सहाला’ म्हणून पुढे ढकलायची. ही वेळ झोपेच्या तोंडावर ठेवू नये. त्या अर्ध्या तासात चार रकाने भरायचे: नेमकं काय होईल असं वाटतं, त्याची शक्यता किती टक्के वाटते, ते कोणत्या तारखेपर्यंत कळेल, आणि शेवटी प्रत्यक्षात काय झालं. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक रिकामा ठेवतात. काळजी टळली की माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढची काळजी उचलतो, जुन्या भाकिताचा निकाल नोंदवतच नाही. २०२० मध्ये लुकास लाफ्रेनिएर आणि मिशेल न्यूमन यांनी चिंताविकार असलेल्या २९ जणांकडून अशा नोंदी करून घेतल्या. ९१ टक्क्यांहून अधिक काळज्या खऱ्या झाल्या नाहीत. नमुना लहान आहे, त्यावरून जगाचा नियम काढू नये. पण स्वतःच्या वहीत महिनाभराचे निकाल डोळ्यांपुढे आले, की ते दुसऱ्या कुणाच्याही दिलाशापेक्षा भारी पडतात.

वही भरताना दोन चुका होतात. एक, भाकीत मोघम लिहिणं. ‘सगळं वाईट होईल’ हे कधीच खोटं ठरत नाही. ‘शुक्रवारपर्यंत मला कामावरून काढतील’ हे ठरू शकतं. दुसरी, करता येण्याजोग्या आणि न येण्याजोग्या काळज्यांची खिचडी. बिल भरायचं राहिलं असेल तर ते काळजीच्या वहीत न लिहिता भरून टाकावं.

दुसरी रीत जास्त कठीण, पण सर्वांत भक्कम. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरं जाणं, म्हणजे एक्सपोजर. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी तिचा पहिला पद्धतशीर नमुना दिला. लिफ्टची भीती घेऊ. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे आणि शिडी बांधायची. दार उघडं ठेवून आत उभं राहणं २०. सोबत कुणी असताना एक मजला ३५. एकट्याने एक मजला ५०. एकट्याने पाच मजले ६५. गर्दीच्या लिफ्टमधून ८०. एकट्याने सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत, खिशात फोन नसताना, ९०. सुरुवात ३०-४० च्या आसपास करावी. २० ला यंत्रणा काही शिकत नाही, ९० ला माणूस पळून येतो. प्रत्येक फेरीआधी भाकीत लिहायचं, ‘श्वास कोंडून बेशुद्ध पडेन, शक्यता ७० टक्के.’ फेरीनंतर काय झालं ते लिहायचं. आठवड्यातून चार-पाच दिवस, प्रत्येक पायरी तिचा कंटाळा येईपर्यंत.

हे फसतं ते ठरावीक ठिकाणी. भीती शिखरावर असताना बाहेर पडलात, तर बाहेर पडल्यावरचा हायसा श्वास हेच बक्षीस ठरतं आणि घंटा शिकते, ‘पळालो म्हणून वाचलो.’ होबार्ट माउरर यांनी १९४७ मध्येच हे सांगून ठेवलं आहे, टाळण्याने भीती टिकते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस या म्हणीला यापेक्षा चांगलं भाष्य मिळणार नाही. दुसरी फसगत कुबड्यांची: हातात पाण्याची बाटली, खिशात गोळी, सतत फोनवर कुणीतरी. फेरी पार पडते, पण श्रेय बाटलीला जातं. तिसरी, सगळ्या फेऱ्या एकाच इमारतीत. मग दुसऱ्या इमारतीत भीती जशीच्या तशी. चौथी फसगत ध्येयातच असते, ‘भीती वाटता कामा नये.’ मोजायची भीती नसते, भाकीत खरं ठरलं का ते मोजायचं असतं. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी लिहिली जाते, म्हणून काही महिन्यांनी भीती पुन्हा डोकं वर काढू शकते. तेव्हा शिडीच्या मधल्या पायरीवरून परत सुरुवात करायची, हार मानायची नाही.

घरच्यांचाही यात हात असतो, प्रेमापोटी. ‘काही होणार नाही ना?’ असं दिवसातून वीसदा विचारणाऱ्याला वीसदा ‘नाही रे बाबा’ म्हणणं हीसुद्धा कुबडीच. दिलासा तासभर टिकतो, मग पुढचा डोस लागतो. लक्षणं इंटरनेटवर शोधणं हा त्याचाच एकट्याने खेळायचा प्रकार. विचारणाऱ्याला झिडकारू नये, पण ‘तुझ्या वहीत याची शक्यता किती लिहिली आहेस?’ असं उलट विचारावं.

श्वासाबद्दल थोडं. घाबरल्यावर ‘मोठा श्वास घे’ म्हणतात, आणि माणूस भराभर मोठे श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात, चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि मुंग्या पाहून भीती आणखी वाढते. श्वास मोठा नको, संथ हवा. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा, असं पाच मिनिटं. पण तो झोपण्यापूर्वी किंवा कामाच्या मध्ये करावा. लिफ्टच्या फेरीत तीच कुबडी होऊ शकते. झोप मात्र कमी महत्त्वाची समजून उरकू नये. २००७ च्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्यांच्या अमिग्डाला क्लेशकारक चित्रांना ६० टक्के जास्त प्रतिसाद देत होत्या. अपुरी झोप घंटा आणखी हळवी करते.

मदत केव्हा घ्यावी? जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २१ पैकी. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटावं. हे निदान नव्हे, दार ठोठावण्याची खूण आहे. छातीत पहिल्यांदाच दुखलं, वजन घटतंय, हात थरथरतायत, तर आधी हृदय आणि थायरॉइड तपासून घ्यावं. औषधं लागली तर नेहमीची नैराश्यरोधक औषधं काम करायला चार-सहा आठवडे घेतात. पटकन शांत करणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्यांची काही आठवड्यांतच सवय लागू शकते. दोन्ही मनाने सुरू करू नयेत, मनाने बंदही करू नयेत.

इथपर्यंतचं सगळं गृहीत धरतं, की समोर दोरी आहे. कधीकधी साप असतो. कर्ज थकलेलं आहे, घरात मारहाण होते, कंपनी खरोखरच माणसं कमी करते आहे. अशा माणसाला एक्सपोजर शिकवणं किंवा श्वास मोजायला लावणं म्हणजे आग लागलेल्या घरात घंटेची बॅटरी काढून देणं. जगण्याच्या प्रेरणेचं शास्त्र सांगणाऱ्यांनी हे प्रत्येक वेळी सांगायला हवं. अनेकदा ते सांगत नाहीत, कारण ‘मेंदूची ठेवणच अशी’ म्हटलं की मालक, धोरण आणि पगार हे विषय आपोआप बाजूला पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात ३५ कोटी ९० लाख लोकांना चिंताविकार होता, आणि उपचारांची गरज असलेल्या साधारण चौघांतल्या एकालाच ते मिळतात. एवढी माणसं एकाच वेळी विचार करायला चुकली, हे मला पटत नाही. घंटा जुनीच आहे, ती ओढणारे हात वाढले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,०५,००० हून अधिक बातम्यांच्या मथळ्यांचे नमुने तपासले गेले. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला, की तो उघडून वाचणाऱ्यांचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. प्रत्येक शब्दाला इतकी बक्षिसी असेल तर संपादक काय निवडेल? बरं, या साप साप म्हणून भुई धोपटण्याची किंमत कधी जिवातही मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अनेक अमेरिकी लोकांनी विमान टाळून गाडी धरली. गर्ड गिगरेंझर यांच्या हिशोबाने पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० जास्त माणसं दगावली, अपहरण झालेल्या चार विमानांतल्या एकूण माणसांपेक्षा कितीतरी जास्त.

तेव्हा मागणी पोस्टरांची नको, नेमक्या बदलांची हवी. फोनवरच्या बातम्यांच्या आणि समाजमाध्यमांच्या सूचना मुळात बंद असाव्यात, ज्याला हव्यात त्याने सुरू कराव्यात. धोक्याच्या बातमीत ‘किती जणांत किती’ हा आकडा पहिल्या परिच्छेदात यावा. ‘दुप्पट धोका’ म्हणजे दहा लाखांत एकाचे दोन झाले, की शंभरात दहाचे वीस, हे कळल्याशिवाय घंटा किती जोरात वाजू द्यायची ते ठरवता येत नाही. शाळेत पचनसंस्था शिकवतात त्याच धड्याला जोडून भीतीची यंत्रणा शिकवावी, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला परीक्षेआधी हात गार पडल्यावर आपल्याला काही भयंकर झालं आहे असं वाटणार नाही. प्राथमिक आरोग्यसेवेत रक्तदाबाबरोबर ते सात प्रश्नही विचारावेत. यावर म्हणतील, की माणसाने स्वतः खंबीर व्हायला नको का? व्हावं की. पण पाणी गढूळ आलं तर घरोघरी उकळून प्यायला सांगताना आपण पाइपही दुरुस्त करतो.

सर्वांत स्वस्त दुरुस्ती तर ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांच्या अंगठ्याखाली आहे. त्याच मेसेजात दहा-बारा शब्द आणखी टाकावेत: ‘उद्या ११ वाजता पुढच्या महिन्याच्या सुट्ट्यांबद्दल दहा मिनिटं बोलू. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. सोयीच्या तारखा घेऊन या.’ आणि तो रात्री साडेनऊला न पाठवता सकाळी पाठवावा. तक्रार असेल तर तीही लिहावी, कशाबद्दल ते सांगून. त्या रात्री निदान काळजी कशाची करायची, एवढं तरी समोरच्याला ठाऊक असेल.